तुर्की त्वचानिगेच्या कृतींना माप आणि वेळ जोडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुर्कस्तानातल्या पारंपरिक त्वचानिगेवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हल्ली पुष्कळ मजकूर येतो. इस्पार्ताचे गुलाबजल, अंताक्याचा लॉरेल साबण, हमामात अंग घासायची केसे, सारी कांतारोन या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचे लाल तेल ही नावे वाचकांच्या ओळखीची झाली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बहुतेक मजकूर ‘थोडे गुलाबजल घ्या, त्यात माती कालवा, चेहऱ्याला लावा’ एवढ्यावर थांबतो. किती घ्यायचे, किती वेळ ठेवायचे, किती दिवसांनी करायचे, कोणी करू नये आणि बिघडले तर का बिघडले, यातले काहीच त्यात नसते. या पद्धतींचा गुण घटकांत आहे, पण त्याहून जास्त त्यांच्या क्रमात आणि मापात आहे. क्रम चुकला की तोच घटक वाया जातो, कधी त्वचेला इजाही करतो. म्हणून हे सविस्तर पत्र. जागेअभावी काही कापावे लागले, तर ही प्रस्तावना कापावी. मापे कृपया ठेवावीत.

आधी केसे. हाताच्या पंज्यात घालायची ही खरबरीत विणीची पिशवी. कच्च्या रेशमाची किंवा शेळीच्या केसांची केसे जुन्या वळणाची. आता व्हिस्कोजची सर्रास मिळते आणि घरच्या वापराला ती पुरेशी आहे. कडक नायलॉनची मात्र घेऊ नये, तिने त्वचेवर ओरखडे उठतात. हमामात गेलेला माणूस आधी ग्योबेक ताशी या तापलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर पडून राहतो, कुर्ना नावाच्या दगडी कुंडातले गरम पाणी ‘तास’ नावाच्या वाडग्याने अंगावर घेतो, आणि चांगला घाम आल्यावरच बायकांच्या बाजूला अंग घासून देणारी नातिर आणि पुरुषांच्या बाजूला तेच काम करणारा तेल्लाक केसे हातात घालतात. घरी चौथरा नसतो, पण वेळ तीच लागते. ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात किंवा वाफेने भरलेल्या न्हाणीघरात किमान १० ते १५ मिनिटे. त्वचेचा वरचा मृत थर या वेळात पाणी पिऊन फुगतो आणि सैल होतो. पाच मिनिटांत घाई करून घासले तर हा थर निघत नाही, नुसती आग होते.

या टप्प्यावर साबण लावायचा नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. साबणाच्या बुळबुळीत थरावरून केसे घसरते, पकड मिळत नाही, मग माणूस जोर वाढवतो आणि त्वचा सोलवटते. अंगाला तेल लावून आलेल्यांचेही तेच होते. केसे कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावी आणि लांब, एका दिशेचे, मध्यम दाबाचे हात मारावेत: पायाकडून मांडीकडे, मनगटाकडून खांद्याकडे. एका जागी तीन ते पाच हात पुरे. राखाडी रंगाच्या बारीक वळ्या सुटू लागल्या की भिजवणे नीट झाले असे समजावे. त्या वळ्या मुख्यतः मृत पेशींच्या असतात, तेव्हा ‘अजून मळ निघतोय’ म्हणून घासत राहू नये. त्वचा गुलाबी झाली किंवा सावळ्या त्वचेला चुणचुण जाणवली की थांबायचे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेने हे जास्त काटेकोरपणे पाळावे, कारण जास्त घासल्याने आलेली सूज ओसरताना मागे काळपट डाग ठेवते, आणि ते जायला महिने लागतात.

आठवड्यातून एकदा ही वरची मर्यादा. बहुतेकांना पंधरा दिवसांतून एकदा पुरते. चेहऱ्याला अंगाची केसे कधीही लावू नये. चेहऱ्यासाठी वेगळी, तलम विणीची मिळते, तीही हलक्या हाताने. पिकलेली मुरुमे, इसब, सोरायसिस, चामखीळ, उन्हाने भाजलेली त्वचा यांवर केसे नको. सोरायसिसमध्ये घासलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात, आणि चामखिळीचा संसर्ग घासण्याने शेजारी पसरतो. याच कारणाने केसे घरात एकमेकांची वापरायची नसते. वापरून झाली की धुऊन हवेशीर जागी पूर्ण वाळवावी. न्हाणीघरात ओली लटकत राहिलेली केसे बुरशीचे घर होते.

फेस त्यानंतर. सुती कापडाची उशीच्या अभ्र्याएवढी पिशवी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायची, तोंड उघडून हवा भरायची, तोंड मुठीत धरून पिशवी वरून खाली निथळत आणायची. कापडाच्या छिद्रांतून ढगासारखा फेस अंगावर उतरतो. घासायचे नाही, फेस हाताने पसरवून दोन मिनिटांत धुऊन टाकायचा. अंग टिपले की तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच तेल. कोरड्या त्वचेवर चोळलेले तेल वरच राहते. ओल्या त्वचेवरचे तेल आतले पाणी धरून ठेवते. थंड पाण्याचा शेवटचा तांब्या आल्हाददायक असतो, पण ‘रंध्रे बंद होतात’ हे खरे नाही. त्वचेच्या रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात.

साबणांविषयी थोडे नेमके लिहायला हवे, कारण सगळ्या तुर्की साबणांना एकाच पट्टीने मोजले जाते. एजियन किनाऱ्यावरच्या आयवालिक आणि एद्रेमितच्या पट्ट्यातला ऑलिव्ह तेलाचा साबण हा रोजच्या अंघोळीचा. हाताय प्रांतातल्या अंताक्याचा देफ्ने साबण ऑलिव्ह तेलात लॉरेलच्या फळांचे तेल मिसळून होतो. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथल्या लोकांचा साबण शोधून विकत घेणे मला महत्त्वाचे वाटते. आग्नेयेकडच्या सीर्त आणि मार्दिन भागातला बित्तिम साबण रानपिस्त्याच्या जातीतल्या झाडाच्या फळांपासून निघणाऱ्या तेलाचा. तो मुख्यतः केसांसाठी वापरतात.

तिन्हींचा एक गुणधर्म समान आहे, आणि तो लेखांत कधी येत नाही. खरा साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू ९ ते १० असतो, आणि आपल्या त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५. ‘नैसर्गिक आहे म्हणजे सौम्य आहे’ असे मानून हा साबण दिवसातून तीनदा चेहऱ्याला लावला, तर चेहरा ओढल्यासारखा होतो आणि खपल्या धरतो. अंगाला रोज, चेहऱ्याला फार तर रात्री एकदा, तेही तळव्यावर फेस करून अर्ध्या मिनिटात धुऊन. इसब असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी तो वापरू नये. लॉरेलच्या तेलाची काहींना ॲलर्जी असते, म्हणून नवी वडी आणली की पहिले दोन दिवस फक्त कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे.

देफ्ने साबण ओळखायची एक साधी खूण आहे. नीट मुरवलेली वडी मधोमध कापली की आत हिरवट आणि बाहेर पिवळट तपकिरी दिसते, कारण बाहेरचा थर हवेने आणि उजेडाने बदलतो. वडी आतबाहेर एकसारखी गडद हिरवी आणि फेसही हिरवा, म्हणजे रंग घातलेला. आणि वास? लॉरेलचा वास धुरकट, औषधी, थोडा उग्र असतो. अत्तरासारखा गोड वास लॉरेलचा नव्हे. या साबणांत वडी टणक ठेवणारी इतर द्रव्ये नसल्याने पाण्यात राहिल्या तर त्यांचा लगदा होतो. जाळीच्या साबणदाणीत ठेवाव्यात, वडीचे दोन तुकडे करून आलटूनपालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येक तुकडा वाळायला वेळ मिळतो.

आता गुलाबजल. नैर्ऋत्य तुर्कस्तानातल्या इस्पार्तात दमास्क गुलाबाची शेती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. तिचे श्रेय बल्गेरियाच्या बाजूने कलमे आणणाऱ्या म्युफ्त्युझादे इस्माईल एफेंदी यांना दिले जाते. उत्पादकांची ग्युलबिर्लिक ही सहकारी संस्था १९५४ पासून आहे. तोडणी साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि तीही पहाटे, कारण ऊन चढले की पाकळ्यांतले सुगंधी तेल उडू लागते. एक किलो गुलाबतेलासाठी साडेतीन ते चार टन फुले लागतात. हा आकडा लक्षात ठेवला की बाजारात लहान कुपीत स्वस्तात मिळणारे ‘शुद्ध तुर्की गुलाबतेल’ काय असेल, याचा अंदाज ज्याचा त्यालाच येतो. तेलाच्या तुलनेत गुलाबजल मुबलक निघते, म्हणून ते स्वस्त असू शकते. पण त्यातही भेसळ आहेच. बाटलीवर घटकांच्या यादीत ‘रोजा डमासिना फ्लॉवर वॉटर’ पहिले असावे. यादी ‘ॲक्वा, पर्फ्युम’ अशी सुरू होत असेल तर ते सुगंधी पाणी आहे. खरे गुलाबजल रंगहीन असते. गुलाबी रंग दिसला की बाटली परत ठेवावी. तुर्कस्तानात सौंदर्यप्रसाधनांसाठी २००५ चा ५३२४ क्रमांकाचा कायदा आहे आणि औषध व वैद्यकीय उपकरण संस्था (TİTCK) त्यावर देखरेख करते. लेबलावर घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि बॅच क्रमांक हवाच. आक्तार म्हणजे जडीबुटीच्या दुकानात कॅनमधून ओतून दिलेल्या सुट्या मालाला यातले काहीच नसते.

घरी करायचे तर पाकळ्या उकळू नयेत. उकळून मिळतो तो पाकळ्यांचा गुलाबी काढा. दोन दिवसांत तो आंबतो. गुलाबजल वाफेतून येते. रुंद पातेल्याच्या मधोमध एक जाड, पालथी वाटी ठेवावी, तिच्यावर सुलटी काचेची किंवा स्टीलची वाटी. भोवती २५० ग्रॅम ताज्या पाकळ्या आणि दीड लिटर पाणी, पाण्याची पातळी वरच्या वाटीच्या बरीच खाली. झाकण उलटे ठेवायचे, म्हणजे त्याची मूठ वाटीच्या बरोबर वर येते, आणि झाकणावर बर्फ. आच अगदी मंद. झाकणाला थंडावलेली वाफ थेंबथेंब वाटीत पडते. पहिले ३०० ते ४०० मिलिलिटर घ्यावे आणि थांबावे. त्यापुढचे पाणी बेचव आणि जवळजवळ सुगंधहीन असते, ते मिसळले की आधीचेही पातळ होते. आच मोठी झाली तर उकळते पाणी उडून वाटीत पडते आणि सगळे गढूळ होते. बर्फ वितळला की पाणी काढून नवा बर्फ घालायला हवा, नाहीतर वाफ झाकणाच्या कडेने निसटते. फुलवाल्याकडचे गुलाब नकोत: त्यांच्यावर कीटकनाशके मारलेली असतात आणि बहुतेकांना वासही नसतो.

भरायची बाटली दहा मिनिटे पाण्यात उकळून पूर्ण वाळवलेली, गडद काचेची असावी. फ्रीजमध्ये दोन ते तीन आठवडे. यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते आणि हे शेवटी पाणीच आहे, त्यात जिवाणू वाढतात. गढूळपणा, तंतू किंवा वासात आंबूसपणा आला की टाकून द्यावे. डोळ्यांत घालणे हा जुना उपाय अजून सांगितला जातो. घरचे गुलाबजल निर्जंतुक नसते, डोळ्यांत मुळीच घालू नये. चेहऱ्यावर फवारून तसेच सोडले तर ते उडताना त्वचा अधिकच कोरडी करते. फवारा, मग लगेच त्यावर दोनतीन थेंब तेल किंवा क्रीम. गुलाबजलाने डाग जात नाहीत, सुरकुत्या जात नाहीत. थंडावा मिळतो, साबणाने ओढलेल्या चेहऱ्याला आराम वाटतो, आणि एवढ्यासाठीच ते रोजच्या वापरात असावे.

मातीच्या लेपात एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे: माती कोणती. तोकात प्रांतातल्या रेशादियेची माती सोडियम बेंटोनाइट जातीची, ती पाण्यात कित्येक पट फुगते. इतर बऱ्याच माती तितक्या फुगत नाहीत. म्हणून ‘एक चमचा माती, एक चमचा गुलाबजल’ हे माप एका मातीला बरोबर आणि दुसरीला साफ चुकीचे. बेंटोनाइटसाठी एका चमच्याला तीन ते चार चमचे गुलाबजल. आधी द्रव घ्यावा, वर माती भुरभुरावी, पंधरा मिनिटे हात लावू नये, मग ढवळावे. उलट केले की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. लेप कपाळ, नाक, हनुवटीवर पातळ, पाच ते आठ मिनिटे, आणि कडा वाळू लागताच धुवायचा. पूर्ण वाळून तडे जाऊ दिले तर माती त्वचेतलेच पाणी ओढते आणि धुताना घासावे लागते. सौंदर्यप्रसाधनासाठी शुद्ध केलेलीच माती घ्यावी; खाणीतून थेट आलेल्या मातीत जड धातू आणि जंतूंचे बीजाणू असू शकतात. उघड्या जखमेवर ती कधीच नको.

दही आणि मधाचा लेप बहुतेकांना निरुपद्रवी आहे. पाणी निथळलेले, बिनमिठाचे, बिनसाखरेचे दही एक मोठा चमचा, मध एक लहान चमचा, दहा मिनिटे. मुग्ला प्रांतातल्या पाइन जंगलातला गडद मध असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही. उरलेला लेप ठेवू नये. मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असणाऱ्यांनी यापासून दूर राहावे.

तेलांत तुर्कस्तानच्या दाच्चा भागातले बदाम तेल चेहऱ्याला मानवते. ऑलिव्ह तेलाबद्दल मात्र सावधगिरी हवी. त्यात ओलेइक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या संरक्षक थरातल्या स्निग्ध द्रव्यांची घडी विस्कटते. इसबाच्या किंवा फार कोरड्या त्वचेला ते रोज लावणे बरे नाही. टाचा, कोपर, केसांची टोके यांना खुशाल लावावे. कलौंजीचे तेल, तिकडचे च्योरेक ओतू, निव्वळ कधी लावू नये. त्याने फोड येईपर्यंत त्वचा भाजल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. एक भाग कलौंजी, नऊ भाग बदाम तेल, आणि आधी ४८ तास हाताच्या आतल्या बाजूला चाचणी.

आदा, म्हणजे साखरेचा पाक वापरून केस काढण्याची पद्धत, या सगळ्यांत मला सर्वांत हुशारीची वाटते. तीनच घटक: साखर ४०० ग्रॅम, लिंबाचा रस ६० मिलिलिटर, पाणी ६० मिलिलिटर. लिंबाचे आम्ल साखरेचे काही प्रमाणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करते, त्यामुळे पाक निवताना स्फटिक धरत नाही आणि लवचीक राहतो. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळायचे, नंतर चमचा बाजूला. भांड्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली उतरवावेत, कारण तेवढे चार कण सगळ्या पाकाची साखर करायला पुरतात. पाक ११८ ते १२१ अंशांवर आणि रंग फिकट मधासारखा झाला की आच बंद. तापमापक नसेल तर थेंब थंड पाण्यात टाकावा: आकार धरणारी, पण बोटांनी दाबली जाईल अशी गोळी झाली पाहिजे. गडद तपकिरी रंग आला म्हणजे पाक पुढे गेला.

गरम पाकाला बोट लावून पाहू नये. १२० अंशांचा पाक कातडीला चिकटतो आणि चिकटलेल्या जागी भाजतच राहतो. कोमट झाल्यावर लिंबाएवढा गोळा हातात घेऊन ताणावा, दुमडावा, पुन्हा ताणावा. दोनतीन मिनिटांत तो पारदर्शक मधाळ रंगावरून अपारदर्शक, मोतिया होतो. हा मळलेला गोळाच काम करतो. गोळा हाताला चिकटून तारा सुटत असतील तर पाक कच्चा राहिला, तो पुन्हा आचेवर ठेवून चारपाच मिनिटे आटवावा. काचेसारखा फुटत असेल तर जास्त झाला, तेव्हा एक लहान चमचा पाणी घालून मंद आचेवर मऊ करावा. दमट हवेत किंवा घामेजलेल्या त्वचेवर चांगला गोळाही चिकटतो, म्हणून त्वचा साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करून, मक्याचे पीठ भुरभुरून घ्यावी.

केसांची लांबी अर्धा सेंटिमीटर तरी हवी; त्याहून आखूड केस पकडीत येत नाहीत, तुटतात आणि पुढे कातडीखाली वळून वाढतात. गोळा केसांच्या वाढीच्या उलट दिशेने दाबत पसरवायचा, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरायची, आणि वाढीच्या दिशेने, त्वचेला समांतर, झटक्यात ओढायचा. वर उचलून ओढले की रक्त साकळते आणि केस अर्ध्यात तुटतात. एका जागी दोनदाच. पाक पाण्यात विरघळतो, त्यामुळे चिकटलेला भाग कोमट पाण्याने सहज निघतो, खरवडायची गरज नाही. रेटिनॉइडची, म्हणजे मुरुमे-सुरकुत्यांवरच्या अ-जीवनसत्त्व गटातल्या औषधाची, क्रीम लावणाऱ्यांनी किंवा ते औषध पोटात घेणाऱ्यांनी आदा करू नये, केसाबरोबर कातडी निघते. नंतर २४ तास ऊन, हमाम आणि अत्तर टाळावे, केसे तर ४८ तास नको.

अत्तरावरून कोलोन्या आठवते. लिंबाची कोलोन्या तुर्की घरांत पाहुण्यांच्या हातावर शिंपडतात. ८० अंशांची म्हणजे ८० टक्के अल्कोहोल. हातांसाठी ठीक. चेहऱ्याला किंवा आदा केलेल्या जागी लावली तर त्वचा जळते. लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचा डागांवरचा लेपही तिथल्या घरगुती सल्ल्यांत हटकून असतो, आणि तो मनापासून टाकून द्यावा असा आहे. लिंबाचा सामू २ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. एक त्वचा चरचरवतो, दुसरा तिचे आम्ल कवच काढतो. शिवाय लिंबाच्या सालीतली काही द्रव्ये त्वचेवर राहिली आणि ऊन लागले, तर भाजल्यासारखे चट्टे आणि मग काळे डाग. डाग घालवायला निघालेल्याला नवे डाग मिळतात.

दोन पारंपरिक वस्तूंची तर शिफारसच छापू नये. जुन्या वळणाच्या सुरम्यात शिसे असू शकते. लहान मुलांच्या डोळ्यांत घातलेले शिसे बोटांवाटे पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधा आणते. आणि हमाम ओतू हे केस काढायचे जुने चूर्ण आर्सेनिकच्या खनिजाचे आणि कळीच्या चुन्याचे. ‘वनस्पती’ या अर्थाच्या नावाने ते विकले जाते, त्यामुळे घेणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता नसतो.

शेवटी कांतारोनचे तेल, कारण सर्वांत जास्त अर्धवट माहिती त्याच्याबद्दलच छापली जाते. उन्हाळ्यात पिवळी फुले येणारी ही रोपटी तुर्कस्तानात रानोमाळ उगवतात. कांतारोन नावाने दुसऱ्या, गुलाबी फुलांच्या वनस्पतीही विकल्या जातात, म्हणून ओळख पटवून घ्यावी: पान उजेडासमोर धरले की सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात, आणि कळी चुरडली की बोटाला लालसर जांभळा डाग पडतो. हे दोन्ही दिसले तरच ती सारी कांतारोन.

कळ्या आणि नुकती उमललेली फुले खुडून एक दिवस सावलीत पसरावीत, ओल उडावी म्हणून. अर्ध्या लिटरची कोरडी काचेची बरणी फुलांनी सैलसर भरावी, दाबून नव्हे, आणि ऑलिव्ह तेल फुलांच्या दोन सेंटिमीटर वर येईपर्यंत ओतावे. पहिले तीनचार दिवस तोंडाला पातळ कापड, नंतर झाकण. बरणी चार ते सहा आठवडे उन्हात, रोज एकदा हलवायची. तेल हळूहळू माणकासारखे लाल होते. हायपेरिसिन आणि त्याच्या कुळातल्या द्रव्यांचा तो रंग. तेलाबाहेर डोकावणाऱ्या फुलांवर बुरशी धरते, तशी धरली तर सगळे टाकून द्यावे, वरची बुरशी काढून भागत नाही. गाळताना मलमलीचे कापड घ्यावे, फुले जोरात पिळू नयेत. पिळल्याने त्यांतले पाणी तेलात उतरते. गाळलेले तेल दोन दिवस स्थिर ठेवून वरचे तेवढे गडद बाटलीत ओतावे आणि तळाचा पाणचट भाग सोडावा. हा भाग बाटलीत गेला की तेल महिन्याभरात खवट होते. काळजीने केलेले वर्षभर टिकते.

तिथे हे तेल भाजल्यावर लावतात. ताज्या भाजलेल्या जागी कोणतेच तेल लावू नये, ते उष्णता आत कोंडते. आधी वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे, फोड असेल तर डॉक्टरांकडे जावे. टाचांच्या भेगा, खरबरीत कोपर, घट्टे यांना ते लावायला हरकत नाही. हायपेरिसिन उजेडाने चेतणारे द्रव्य आहे, त्यामुळे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजण्याचा धोका वाढतो. रात्री लावायचे आणि सकाळी साबणाने धुऊन मगच बाहेर पडायचे. आणि ते प्यायचे नाही: ही वनस्पती पोटात गेली तर गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनसारखी औषधे आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे निष्प्रभ होऊ शकतात, नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ती घेणे धोक्याचे ठरते.

आपल्या पुरवणीत पुढे कधी या तेलाची कृती आली, तर तिच्याखाली ‘फक्त रात्री, फक्त बाहेरून’ हे चार शब्द ठळक टाइपात छापावेत, एवढी आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक